जेनोवाला (इटली) राहायला जाताना: घर आधी की कागद आधी?

सह्यवारा

इटलीतल्या जेनोवा या बंदराच्या शहराबद्दल माहितगारांकडून नेमकी माहिती हवी आहे. कुटुंब तिघांचं: नवरा, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. नोकरी एकाला, एर्झेल्लीच्या टेकडीवरच्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय नोकरी-निवास परवाना). नुल्ला ओस्ता (प्रवेशाआधीचं ना-हरकत पत्र) अजून यायचं आहे.

घराचा करार नसेल तर पुढचे कागद अडतात असं सगळे सांगतात. कागद नसतील तर घरमालक करार करत नाही असंही तेच सांगतात! मग सुरुवात कुठून करायची? माझं मत असं की पहिले दोन-तीन महिने एखादी तात्पुरती जागा घ्यावी, शहर पाहावं आणि मगच पक्कं घर शोधावं. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट लिहा. कुठल्या भागात राहावं हेही सांगा. फोटोंत सगळंच सुंदर दिसतं.

कागदोपत्री

पहिला कागद कोदिचे फिस्काले, म्हणजे कर क्रमांक. त्याशिवाय भाडेकरार, बँक, वीज, सिमकार्ड यातलं काहीच होत नाही. नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांना हा क्रमांक बहुतेक वेळा नुल्ला ओस्ताच्या प्रक्रियेतच मिळतो. नसेल मिळाला तर आजेन्झिया देल्ले एन्त्राते या कर कार्यालयात फुकट मिळतो.

आपल्याकडची खरी गोम नावात आहे. हा क्रमांक १६ अक्षरी असतो आणि तो नाव, जन्मतारीख व जन्मस्थान यांवरून काढतात. आडनावातली तीन व्यंजनं, नावातली तीन व्यंजनं, जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, दिवस (बायकांच्या बाबतीत त्यात ४० मिळवतात), मग जन्मस्थानाचा संकेत (भारतासाठी झेड २२२) आणि शेवटी एक तपासणी अक्षर. नावात चार किंवा जास्त व्यंजनं असली तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. आता पासपोर्टवर नुसतं 'स्नेहा' असेल तर एस-एन-एच येईल. 'स्नेहा विनायक' असं वडिलांच्या नावासकट असेल तर एस-एच-व्ही. म्हणजे बाई एकच, पण क्रमांक दोन. एका कार्यालयाने मधलं नाव धरलं आणि दुसऱ्याने सोडलं की आरोग्य कार्ड एका क्रमांकावर आणि पगार दुसऱ्यावर असा घोळ होतो. निस्तरायला महिने लागतात.

तेव्हा पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जे आहे ते शब्दन् शब्द सगळीकडे द्या, अगदी विमानाच्या तिकिटावरसुद्धा. आडनावाचा रकाना कोरा असेल तर निघण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

पोफळी

कागदोपत्री यांना अनुमोदन. एक भर घालते. लग्नानंतर इटलीत बायकांचं अधिकृत आडनाव बदलत नाही, त्यामुळे तिथला कारकून आईचं माहेरचं नाव शोधतो. आपल्या मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव, आईच्या स्वतःच्या दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर तिसरंच काही, असं असेल तर ती एकच व्यक्ती आहे हे पटवताना जीव मेटाकुटीला येतो. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. महापालिकेचा दाखलाच दुरुस्त करून घ्या आणि मग अपोस्टिलच्या (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) मागे लागा.

क्रम असा: राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, आणि शेवटी इटालियन भाषांतर. पुष्कळजण भाषांतर आधी करून मोकळे होतात. मग अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि कागद परत येतो.

उंबरठा

सह्यवारा, तुमच्या 'तात्पुरती जागा' या मताला माझा अर्धा विरोध आहे.

एकट्या माणसाला ते ठीक. कुटुंब आणायचं तर इदोनेइता आल्लोज्जातिवा लागते. घर इतक्या माणसांना पुरेसं आहे असा नगरपालिकेचा दाखला. त्याची मापं १९७५ च्या मंत्रालयीन आदेशातली आहेत: पहिल्या चौघांना माणशी १४ चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येकाला १०. म्हणजे तिघांना ४२. शिवाय एकाची झोपायची खोली किमान ९ चौरस मीटर, दोघांची १४. छताची उंची साधारण २.७० मीटर हवी. शिवाय करार रीतसर नोंदवलेला आणि किमान सहा महिन्यांचा लागतो. सुट्टीसाठी भाड्याने देतात तसल्या जागेवर हा दाखला मिळत नाही.

करारांचे प्रकार समजून घ्या. ४+४ (वर्षं) हा खुल्या भाड्याचा. ३+२ मध्ये भाडं स्थानिक कराराप्रमाणे बांधलेलं असतं, म्हणून ते सहसा कमी. त्रान्झितोरिओ हा १ ते १८ महिन्यांचा, आणि तात्पुरतं राहण्याचं कारण त्यात लिहावं लागतं. नव्या माणसाला मला १२ महिन्यांचा त्रान्झितोरिओ सगळ्यात सोयीचा वाटतो. कागदही पुढे सरकतात आणि आठ वर्षांच्या बोलणीत अडकायला होत नाही.

अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. करार ३० दिवसांत कर कार्यालयात नोंदवावा लागतो. मालकाने चेदोलारे सेक्का ही सपाट कराची पद्धत घेतली असेल तर नोंदणी कर लागत नाही आणि तोवर भाडंही वाढवता येत नाही. ते विचारूनच घ्या. दरमहा सोसायटी खर्च (स्पेझे कोन्दोमिनियाली) किती आणि त्यात हीटिंग धरलंय का, हेही लेखी घ्या. तापवण्याची सोय सामायिक असेल तर जेनोवात ती १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल आणि दिवसाला जास्तीत जास्त १२ तास चालते. ऑक्टोबरच्या शेवटी थंडी पडली तरी नळ्या गारच.

लांबपल्ला

आल्यावरचं वेळापत्रक. हातात ८ कामकाजाचे दिवस असतात. तेवढ्यात कोंत्रात्तो दी सोज्जोर्नो (राहण्याशी जोडलेला नोकरीचा करार) कंपनीमार्फत पूर्ण करायचा आणि पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो म्हणजे निवास परवान्याचा अर्ज टपालातून करायचा. स्पोर्तेल्लो आमिको अशी पाटी असलेल्या टपाल कार्यालयातच तो घेतात. १६ युरोचा मार्का दा बोल्लो (मुद्रांक) तंबाखूच्या दुकानातून आधीच घेऊन ठेवा. लिफाफा उघडाच न्यायचा. खिडकीवर माणूस पासपोर्ट आणि प्रती पडताळतो, मगच तो चिकटवतो. टपालाचे ३० युरो, कार्डाचे ३०.४६, आणि वर मुदतीप्रमाणे शुल्क: वर्षापर्यंत ४०, एक ते दोन वर्षांना ५०.

मिळणारी पावती जिवापाड जपा, कारण प्रत्यक्ष कार्ड हाती येईपर्यंत तीच तुमची ओळख. तिच्यावर क्वेस्तुरात (पोलीस मुख्यालयात) बोटांचे ठसे द्यायची तारीख असते.

लोक कुठे अडकतात? व्हिसा संपला, कार्ड आलं नाही आणि गणपतीला घरी यायचंय. पावतीवर इटलीबाहेर जाऊन परत येता येतं, पण शेंगेनमधल्या (सामायिक सीमेच्या युरोपीय गटातल्या) दुसऱ्या देशात पाय ठेवता येत नाही. म्हणजे फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे तिकीट काढायचं नाही. मिलान ते दुबई, दोहा किंवा इस्तंबूल, तिथून मुंबई. येतानाही तसंच.

मांडवीकाठ

गोंयकारांसाठी एक टीप. पोर्तुगीज पासपोर्ट असला तर वरचं परवान्याचं प्रकरण लागू होत नाही. युरोपीय नागरिकाने तीन महिन्यांनंतरही राहायचं तर थेट नगरपालिकेच्या आनाग्राफेत (रहिवासी नोंदवहीत) नाव घालायचं. नोकरी असल्याचा किंवा पुरेसं उत्पन्न आणि आरोग्य विमा असल्याचा पुरावा लागतो. जोडीदाराचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याला कुटुंबीय म्हणून वेगळं निवास कार्ड मिळतं, नोकरीच्या कोट्याशी त्याचा संबंध नाही.

सह्यवारा

उंबरठा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. इदोनेइताचं माप कुणी सांगितलंच नव्हतं. आता भागांबद्दल लिहा ना. जुन्या शहरातलं एक घर मनात भरलंय: पोटमाळ्यावर झोपायची सोय, लाकडी तुळया.

कारुज्जीप्रेमी

जुन्या शहराला नावं ठेवणारे खूप भेटतील, म्हणून आधीच लिहितो. कारुज्जी, म्हणजे तिथले अरुंद बोळ, हेच या शहराचं काळीज आहे. बाजार, विद्यापीठ, मेट्रो, प्रिन्चिपे स्टेशन सगळं पायाखाली. गाडीची गरज नाही. पाचव्या-सहाव्या मजल्यावर ऊन येतं, समुद्र दिसतो, आणि भाडं आल्बारोसारख्या श्रीमंत भागाच्या मानाने कमी.

उंबरठा

कारुज्जीप्रेमी, वरच्या मजल्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण तिथे लिफ्ट किती इमारतींना आहे? समोरासमोरच्या भिंतींत दोन-तीन मीटर अंतर, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो आणि भिंतींना ओल येते. ट्रक बोळात शिरत नाही, म्हणजे कपाट-वॉशिंग मशीन हातगाडीने न्यायचं आणि जिन्याने चढवायचं. सामान हलवणारे त्याचे वेगळे पैसे लावतात.

आणि सह्यवारा, तुमचा तो पोटमाळा (सोप्पाल्को) उंचीत बसत नसेल तर त्याचं क्षेत्रफळ धरलं जात नाही. ५० मीटरचं म्हणून दाखवलेलं घर कागदावर ३५ चं निघालं तर कुटुंबाचा दाखला गेला. पसंत करण्याआधी कातास्तोचा, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंदवहीतला, नकाशा (प्लानिमेत्रिया कातास्ताले) मागा आणि त्यावर खोल्या मोजा.

पश्चिमेचा

कामाची जागा एर्झेल्ली असेल तर नकाशा वेगळा वाचावा लागतो. हे शहर वोल्त्रीपासून नेर्वीपर्यंत किनाऱ्याने ३० किलोमीटरहून लांब पसरलंय आणि मागे लगेच डोंगर. पूर्व टोकाला घर आणि पश्चिमेला कचेरी असं केलं तर रोज अख्खं शहर आडवं पार करायचं. मेट्रोची एकच मार्गिका आहे, ब्रीन ते ब्रिन्योले. ती तुमच्या दिशेला जात नाही.

तुम्हाला सेस्त्री पोनेन्ते किंवा पेली सोयीचं. सेस्त्री सपाट आहे, बाजारपेठ पायी फिरण्याची, स्टेशन गावात, आणि एर्झेल्लीला बस. लहान मूल आणि बाबागाडी असताना 'सपाट' या शब्दाला या शहरात फार किंमत आहे. तिथे विमानतळ आणि जहाजबांधणी कारखाना आहे, आवाज धरून चाला. पेली जास्त हिरवं आणि शांत. मात्र मुल्तेदोच्या तेलबंदराकडच्या बाजूला कधीकधी वास येतो. तिथलं घर वारा असताना आणि पडलेला असताना, असं दोनदा पाहावं.

शहराच्या हद्दीत लोकल ट्रेनला बसचं तिकीट किंवा पास चालतो का ते आधी विचारा. नवखे न विचारताच वेगळं तिकीट काढतात.

चढउतार

डोंगरावरच्या घरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कास्तेल्लेत्तो, कोर्सो फिरेन्झे, मानीन, ओरेजिना. हवा आणि उजेड उत्तम. पण जाहिरातीत 'केंद्रापासून ५०० मीटर' लिहिलेलं असतं आणि ते अंतर उभं असतं! इथे वाहतूकसुद्धा उभी आहे. झेक्का ते रीगी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे), कास्तेल्लेत्तोची सार्वजनिक लिफ्ट, आणि मोन्तेगाल्लेत्तोची ती अजब लिफ्ट, जी आधी बोगद्यातून आडवी जाते आणि मग वर चढते. घर बघताना जवळची लिफ्ट किंवा फ्युनिक्युलर रात्री किती वाजता बंद होते ते पाहा आणि बंद असताना कुठल्या पायऱ्यांनी चढायचं ते एकदा चढून बघा. काही इमारतींचं दार वरच्या रस्त्याला असतं, तिथे 'तिसरा मजला' म्हणजे रस्त्याखाली उतरणं. समोरचा डोंगर जवळ असेल तर अशा खोलीत हिवाळ्यात ऊन येत नाही.

पाणलोट

भाग निवडताना उताराइतकंच पाण्याकडे बघा. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा होता.

डोंगर समुद्राला इतके चिकटून आहेत की शरद ऋतूत समुद्रावरून आलेले ढग तिथेच अडून एकाच खोऱ्यात तासन्‌तास कोसळतात. ओढे आखूड आणि उतार तीव्र, आणि बिझान्यो नदीचं शेवटचं पात्र रस्त्यांखाली झाकलेलं. पाणी तासाभरात चढतं. ४ नोव्हेंबर २०११ ला फेरेज्जानो ओढ्याच्या पुरात सहा जण गेले, त्यात शाळेतून मुलांना आणायला निघालेल्या आया होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये बिझान्यो पुन्हा फुटला.

मारास्सी, फोचे, ब्रिन्योलेच्या आसपास घर घेताना तळमजला आणि तळघर टाळा. वरचा मजला घेतलात तरी तळघरातली खोली (कान्तीना) आणि जमिनीखालचं गॅरेज कुठे आहे ते विचारा. इशारे पिवळा, नारिंगी, लाल असे असतात. लाल असला की शाळा बंद. त्या दिवशी गाडी वाचवायला किंवा मुलाला आणायला खाली उतरायचं नाही. शाळा मुलांना सांभाळून ठेवते, वरच्या मजल्यावर नेते. मुंबईच्या पावसाची सवय असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. तिथलं पाणी तुंबतं, इथलं धावत येतं.

पोफळी

पाणलोट, मनापासून धन्यवाद. याचा वेगळा धागा व्हायला हवा.

मुलीच्या शाळेवरून आठवलं. इटलीत १६ वर्षांपर्यंत १० लसी सक्तीच्या आहेत आणि सहा वर्षांखालच्या मुलाला त्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, पण गालगुंड आणि कांजिण्या नाहीत. खासगी डॉक्टरकडे घेतल्या असतील तर तारखांसकट नोंद इटालियनमध्ये भाषांतरित करून न्या. घेतल्या नसतील तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. शाळेच्या जेवणात शाकाहारी थाळी मिळते, प्रवेशानंतर वेगळा अर्ज करावा लागतो.

सह्यवारा

शाकाहाराचं मोठ्यांसाठीही सांगा. पेस्तो तरी चालेल ना?

फरसाणी

काटेकोर असाल तर नाही. पेस्तोत पार्मिजानो आणि पेकोरिनो चीज असतं, आणि त्यांचं दूध वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. अंडं-मांस एवढंच टाळत असाल तर चालेल. फोकाच्चा (भट्टीत भाजलेली जाड रोटी) मुळात ऑलिव्ह तेलाची, पण काही बेकऱ्या स्त्रुत्तो (डुकराची चरबी) घालतात. 'स्त्रुत्तो आहे का' एवढं विचारायचं, सांगतात.

आपल्या माणसासाठी खरी मेजवानी फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, बस. ३०० ग्रॅम पीठ आणि ९०० मिली पाणी, गुठळ्या मोडून निदान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवायचं. वर आलेला फेस काढून टाकायचा, तो राहिला तर कडवट लागतं. मग १० ग्रॅम मीठ आणि १०० मिली ऑलिव्ह तेल. थर अर्धा सेंटीमीटरच्या वर नको. घरची भट्टी जेवढी तापेल तेवढी तापवा, आधी खालून, शेवटी वरून. आपलं बेसन चालतं, पण ते डाळीचं आणि बारीक असल्याने मिश्रण लवकर दाट होतं; थोडं पाणी वाढवा.

पोळ्यांना सेमोला घेऊ नका, ते ड्युरम गव्हाचं आहे आणि पोळी चिवट होते. ग्रानो तेनेरोची इंतेग्राले (मऊ गव्हाची, कोंड्यासकट) कणीक घ्या. पोहे, डाळी, मसाले व्हिया प्रेकडच्या दक्षिण आशियाई दुकानांत मिळतात. भाजी-फळांना मेर्कातो ओरियेन्ताले.

तारतंत्री

फरसाणी भट्टी तापवायला सांगताहेत म्हणून विजेचं लिहितो. घरगुती जोडणी सहसा ३ किलोवॅटची, सूट धरून ३.३. भट्टी २, वॉशिंग मशीनचा पाणी तापवण्याचा टप्पा २, विजेचा गीझर १.२. ही तिन्ही एकत्र लावली की वीज जाते. मीटर अनेकदा इमारतीच्या तळाशी असतो, म्हणजे पाच मजले उतरून खटका वर करायचा. भार वाढवून ४.५ करून घेता येतो, मात्र स्थिर आकार वाढतो.

घर घेताना मीटर चालू आहे का बघा. चालू असेल तर फक्त नाव बदलायचं (वोल्तुरा), बंद असेल तर पुन्हा जोडणी (सुबेन्त्रो). चुकीचा अर्ज केला तर पुन्हा पहिल्यापासून. मिक्सर इथे चालतो, २३० व्होल्टच आहे, पण आपली जाड गोल पिन इथल्या खाचेत बसत नाही. निघतानाच अडॅप्टर घ्या.

लांबपल्ला

पत्त्याबद्दल एक गोष्ट राहिली. जेनोवात एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक काळे आणि दुकानांचे लाल, दोन स्वतंत्र मालिका. लाल क्रमांकापुढे 'आर' लिहितात. २४ आणि २४ आर यांत बरंच अंतर असू शकतं. काळ्या क्रमांकापुढे तिरकी रेघ देऊन घराचा अंतर्गत क्रमांक: १२/५ म्हणजे १२ नंबरच्या इमारतीतलं पाचवं घर.

बेलवर आणि टपालपेटीवर तुमचं आडनाव त्याच दिवशी चिकटवा. रहिवासी नोंदणीचा अर्ज केला की ४५ दिवसांत नगरपालिकेचा पोलीस घरी येऊन बघतो. बेलवर नाव सापडलं नाही तर माणूस राहत नाही असा शेरा पडून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आणि घरमालकाने तुम्हाला जागा दिल्याचं ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. त्याची प्रत मागून घ्या, ती पुढे लागते.

कागदोपत्री

आता मूळ प्रश्नाकडे येतो. घर आधी की कागद आधी याचं उत्तर दोन टप्प्यांत आहे.

पहिला टप्पा, एकट्याने यायचं. कर क्रमांक, नोकरीचा करार, परवान्याची पावती. याला पक्कं घर लागत नाही, राहण्याचा पत्ता लागतो. महिना-दीड महिन्याची जागा पुरे, सेस्त्रीच्या बाजूला. सह्यवारांचं मूळ मत इथपर्यंत बरोबर.

दुसरा टप्पा, पावती आणि पगाराचा करार हातात घेऊन घर पाहायचं. मालकाला भीती असते ती भाडं बुडण्याची, म्हणून पगाराची पावती किंवा कंपनीचं पत्र समोर ठेवलं की बोलणं सोपं होतं. ४२ मीटरच्या वरचं, नोंदणीकृत, किमान वर्षाच्या कराराचं. मग रहिवासी नोंदणी, आरोग्य कार्ड (नोकरदाराला ते विनाशुल्क, घरचा डॉक्टर निवडायचा), इदोनेइता, आणि मग कुटुंब. भारतातले दाखले अपोस्टिलसकट या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात तयार करायला घरच्यांना सांगा.

उंबरठा

या क्रमाला माझी हरकत नाही. एवढंच की पहिली जागा घेतानाही मालक तो ४८ तासांचा कागद करेल का हे विचारा. करणार नसेल तर ती जागा सोडा.

सह्यवारा

पोटमाळ्याचा नाद सोडला. सेस्त्री आणि पेली पाहतो, पावसाच्या बाजूने विचारूनच. शेवटचा प्रश्न: कंपनी जूनमध्ये या म्हणते किंवा सप्टेंबरमध्ये. फरक पडतो?

कागदोपत्री

करात पडतो. वर्षाच्या निम्म्याहून जास्त दिवस इटलीत राहिलात तर त्या वर्षाचे करनिवासी धरले जाता. जूनमध्ये आलात तर हेच वर्ष, सप्टेंबरमध्ये आलात तर सहसा पुढचं. उच्चशिक्षितांना बाहेरून येऊन नोकरी केल्यास पाच वर्षं पगाराच्या अर्ध्या भागावर सूट आहे, लहान मूल असेल तर ६० टक्के. आधीची निदान तीन वर्षं तिथले करनिवासी नसावं आणि पुढे चार वर्षं राहण्याची हमी लागते. पाच वर्षं करनिवासी झाल्यापासून मोजतात, म्हणून जूनला आलात तर पहिलं वर्ष सहा-सात महिन्यांच्या पगारावरच खर्ची पडतं. सप्टेंबरला आलात तर पाचही वर्षं पूर्ण मिळतात, पण पावसाळी इशाऱ्यांच्या दिवसांत घर शोधावं लागतं. आणि करनिवासी झाल्यावर भारतातली बचत खाती, ठेवी, पीपीएफ हे सगळं विवरणपत्रातल्या क्वाद्रो आरडब्ल्यू या भागात दाखवावं लागतं. ३१ डिसेंबरच्या शिलकीचे दाखले बँकेतून दरवर्षी मागवून ठेवा.

पाणलोट

सप्टेंबरला आलात तर घर बघायला मुद्दाम पावसाच्या दिवशी जा. जिन्याखालच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ आहे का ते बघा आणि शेजाऱ्याला २०११ आणि २०१४ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते विचारा.

सह्यवारा

सप्टेंबर ठरलं. दाखल्यांची दुरुस्ती या आठवड्यात सुरू करतो. मुलीच्या कांजिण्यांच्या लशीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.